सखूआजीचे हात

बाहुल्या तऱ्हेतऱ्हेच्या असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या दोऱ्यांवर नाचतात. काही बाहुल्या नुसत्या बोटांवर डुलतात. पण आमच्या सखूआजीला चमचा धरायचा आहे! पालकसभेत ती जुलाबावरची जलसंजीवनी करून दाखवणार आहे. म्हणून आम्ही तिला ‘जिवंत हात’ केले. म्हणजे बाही आजीची आणि आतला हात आपला. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या टीव्ही-मालिकेतला अर्नी असाच आहे.

साहित्य : लांब बाह्यांचा जुना सदरा, जुन्या बनियनचे कापड, थोडा कापूस, स्पंजचा तुकडा, सुई-दोरा, कात्री.

कृती :
१) कागदावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवा. शेवटची दोन बोटे एकत्र घ्या. अंगठा धरून चारच बोटे होतात. शिवण कमी आणि हात गुबगुबीत!
२) रेषेबाहेर १ सें.मी. जागा सोडून दुहेरी कापड कापा. बनियनचे कापड ताणते, म्हणून बोटे सहज वाकतात. कडेने बारीक टाके घालून मोजा उलटा.
३) डावा-उजवा आधी ठरवा. मग पंजाच्या पाठीवर आतून कापसाची पातळ गादी टाचा. बोटांच्या टोकांत कापूस भरू नका. भरलात तर चमचा हाताला कळतच नाही.
४) मोजा बाहीच्या टोकाला शिवा, म्हणजे आपले मनगट दिसणार नाही. खांद्याजवळ आतून स्पंजची पट्टी लावा. बाही गोल राहते.
५) बाहीच्या खालच्या अंगाला, काखेपासून एक वीतभर चीर ठेवा. हात तिथून आत जातो. पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

आजी चालवायला दोघे लागतात. मी उजवा हात तिच्या तोंडात आणि डावा तिच्या डाव्या बाहीत घालते. माझी मैत्रीण उजवीकडे उभी राहून उजवा हात सांभाळते. आजीने आधी वस्तूकडे बघायचे, मगच हात पुढे करायचा. तरच ती खरी वाटते.

आता आजीचे खरे काम. ओआरएसचे पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा घालायचे. चमचा चहाचा, छोटा. इथेच आजीचे बोट कामाला येते. ती चमच्यावरून बोट फिरवून शीग पाडते. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो, हे नुसते सांगून कुणी लक्षात ठेवत नाही; पाहिले की राहते. खेळातले पाणी मात्र दाखवण्यापुरतेच. घरी स्वच्छ धुतलेल्या हातांनीच करा. बाळ मलूल झाले, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर थेट दवाखाना गाठा.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी