जीव टांगणीला

वाद्य, वादक आणि मंच : लेखांक ९

गिटार गरकन अंगाभोवती फिरवून पुन्हा बरोबर सुरावर पकडणारा वादक पाहिला की टाळ्या पडतात त्या त्याच्या हाताला. वास्तविक त्यातल्या निम्म्या तरी दोन स्क्रूंच्या वाट्याला जायला हव्यात. इलेक्ट्रिक गिटारच्या अंगाला दोन टोकांना दोन बटणं असतात, त्यांत पट्ट्याची दोन भोकं अडकवलेली असतात आणि प्रत्येक बटण जेमतेम इंचभर स्क्रूने लाकडात बसवलेलं असतं. साडेतीन-चार किलोचं वाद्य एवढ्यावर लोंबकळत असतं. उभं राहून वाजवण्यापुरती ही व्यवस्था चोख आहे. कसरतीसाठी ती केलेलीच नव्हती.

मुंबईच्या उपनगरांतल्या पोरांना या कसरतींचं वेड नवं नाही. १९८६ साली दक्षिण मुंबईतल्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला तेव्हा लोकल पकडून जाणाऱ्यांत अंधेरी, बोरिवली, मुलुंडची मंडळी होतीच. पवईला आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’त ‘लाइव्हवायर’ ही बँडची स्पर्धा गाजू लागली, तेव्हा तर मंच घराजवळच आला. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ या बँडने आपला जगदौरा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावरून सुरू केला. त्यांचा एक गिटारवादक जॅनिक गर्स. हा गृहस्थ गिटार गळ्याभोवती फिरवण्यासाठी, हवेत उडवून झेलण्यासाठी प्रसिद्ध आहे. असा माणूस आपल्या गावात येऊन गेल्यावर पुढच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात कुणी ना कुणी तो प्रयोग करून बघणार, हे ओघानेच आलं. त्या मंडपात फळ्यांचा मंच, डोक्यावर ट्यूबलाइट, शेजारी कॅसिओवाला आणि पहिल्या रांगेत खुर्च्यांवर आजी-आजोबा. गर्सच्या मंचाएवढी जागा तिथे कुठून येणार?

आधी गिटार फिरते कशी ते पाहू. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावर असतो. वादक गिटारला डाव्या खांद्यावरून मागे भिरकावतो, ती पाठीवरून खाली जाते आणि उजव्या काखेखालून पुढे येते. म्हणजे पट्टा खांद्यावर सरकत एक पूर्ण फेरी घेतो. आता थोडं गणित. वाद्य साडेतीन किलोचं, त्याचं वजन शरीरापासून साधारण अर्ध्या मीटरवर फिरतंय आणि फेरीला एक सेकंद लागतोय असं धरलं, तर पट्ट्यावरची ओढ वाद्याच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे सात किलोच्या आसपास येते. हे काही फार नाही. पण तीच फेरी अर्ध्या सेकंदात घेतली तर ओढ दुप्पट न होता चौपट होते : अठ्ठावीस किलो! वेग वाढवण्याचा मोह होतो तो नेमका इथे महागात पडतो.

तरीही पट्टा सुटतो तो सहसा या ओढीने सुटत नाही. ताणलेला पट्टा बटणावर घट्ट बसून राहतो. घात होतो तो पट्टा सैल पडतो त्या क्षणी. गिटार खांद्याच्या वर पोचली की क्षणभर तिचं वजन पट्ट्यावर नसतं. पट्ट्याचं टोक पीळ घेऊन उभं राहतं आणि जुनं, वापरून मोठं झालेलं भोक बटणावरून अलगद निसटतं. शर्टाचं काज सैल झालं की गुंडी सुटते, तसंच हे. पुढच्या पाव सेकंदात गिटार पाठीमागे खाली येते, तेव्हा तिला धरून ठेवायला एकच टोक उरलेलं असतं. मग ती गिटार राहत नाही, गोफण होते. ड्रमवाल्याच्या दिशेने जाते की पहिल्या रांगेच्या, हे नशिबावर.

दुसरा धोका बटणाचाच. सैल पडलेला पट्टा पुन्हा ताणला जातो तो हिसक्याने, आणि हिसका स्थिर ओढीपेक्षा कितीतरी वाईट. स्क्रूची पकड आधीच ढिली असेल तर तो लाकडाचा भुगा घेऊन बाहेर येतो. काही गिटारींमध्ये वरचं बटण अंगाच्या शिंगासारख्या वरच्या टोकावर नसतं, मानेच्या बुंध्याशी मागच्या बाजूला असतं. ‘एसजी’ जातीच्या गिटारी अशा. त्यांची मान मुळात खाली झुकते आणि फिरवताना ओढ थेट स्क्रू उपटण्याच्या दिशेने येऊ शकते. माझं मत विचाराल तर अशी गिटार फिरवू नये. छातीशी धरून सुंदर वाजवावी.

उपाय स्वस्तापासून सुरू करतो. परदेशात वादकांची एक जुनी क्लृप्ती आहे : ‘ग्रोल्श’ बिअरच्या बाटलीच्या झाकणाची रबरी चकती पट्टा अडकवल्यावर बटणावर चढवायची. आपल्याकडे तेच काम हार्डवेअरच्या दुकानातला रबरी वायसर करतो. बटणाच्या डोक्यापेक्षा भोक लहान हवं, चढवताना जोर लावावा लागला पाहिजे. उड्या मारण्यापर्यंत, गुडघ्यावर बसून वाजवण्यापर्यंत हा वायसर पुरतो. गिटार फिरवायची असेल तर पुरत नाही.

त्यासाठी स्ट्रॅप लॉक. बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा दिसतात. जर्मनीच्या ‘शॅलर’चं जुन्या धर्तीचं लॉक असतं त्यात पट्ट्याला घोड्याच्या नालेसारखा एक भाग बसवतात, तो बटणावर चढतो आणि स्प्रिंगची पिन त्याला अडवून धरते. हा भाग बसवताना नालेची उघडी बाजू वर यायला हवी. मग पिन दगा देऊन गेली तरी गिटार त्या नालेत टेकून राहते. उलटा बसवला तर सगळी भिस्त त्या बारीक पिनवर. ‘डनलप’च्या लॉकमध्ये बटणालाच खोल भोक असतं. त्यात दांडी आत जाते, बारीक छर्रे बाहेर येऊन तिला पकडतात आणि मधली कळ दाबली की ती सुटते. दांडी आत गेल्यावर ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे आणि पट्टा एकदा ओढून बघितला पाहिजे. ‘बसलं असेल’ हा शब्दप्रयोग मंचावर चालत नाही. दोन्ही प्रकारांत पट्टा बटणाभोवती मोकळा फिरतो, त्यामुळे पीळ पडत नाही. कसरतीच्या दृष्टीने हा फायदा मजबुतीइतकाच मोठा आहे.

लॉक घेणारे लोक दोन ठिकाणी हमखास चुकतात. पट्ट्याच्या बाजूचा नट वापरता वापरता सैल होतो. त्याच्या आट्यांवर लॉकटाइटचा, तो नसेल तर नेलपॉलिशचा एखादा थेंब टाकावा. घरात नेलपॉलिश कुणाचं आहे ते विचारून घ्यावं, एवढंच. दुसरं म्हणजे लॉकसोबत आलेला स्क्रू जुन्या भोकाला नेमका बसेलच असं नाही. बारीक असेल तर तो आत नुसता फिरतो. मग काडेपेटीच्या काड्या, गूल तोडून, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या आणि रात्रभर वाळू द्यायच्या, हा आपला पारंपरिक इलाज. गिटार अडकवून उभं राहण्यापुरता तो ठीक आहे. फिरवायच्या गिटारला मात्र सुताराकडून टणक लाकडाची गोल खुंटी चिकटवून घ्यावी आणि त्यात नव्याने भोक पाडावं. लॉक कितीही महागाचं असो, ते ज्या लाकडात रुतलंय त्याहून ते मजबूत असू शकत नाही.

आणि हो, अकूस्टिक गिटार फिरवायचा विचारही नको. बऱ्याच स्वस्त अकूस्टिक गिटारींना खालच्या टोकाची खुंटी नुसती ठोकून बसवलेली असते. वरच्या टोकाला बटणच नसतं, बुटाची नाडी डोक्याला बांधून काम भागवतात.

पट्ट्याकडेही बघायला हवं. स्वस्त नायलॉनच्या पट्ट्यात लांबी कमीजास्त करायचं बक्कल प्लास्टिकचं असतं. चामड्याची टोकं नायलॉनला एकेरी शिलाईने जोडलेली असतात. ती शिलाई उसवते तेव्हा लॉक बिचारं बटणावर शाबूत असतं आणि गिटार जमिनीवर. धारावीत चामड्याची कामं करणारे कारागीर दोन थर एकावर एक ठेवून दुहेरी शिलाईचा पट्टा करून देऊ शकतात. फक्त फिरवण्यासाठी पट्ट्याची आतली बाजू गुळगुळीत हवी, खरखरीत चामडं शर्टाला धरून बसतं आणि फेरी अर्ध्यावर अडते. गळ्यात कॉलेजच्या महोत्सवाचं ओळखपत्र, ओढणी, जाडी साखळी असेल तर ती आधी काढून ठेवायची. मोकळे केसही बांधायचे. शिवाय आपला पावसाळा. गणपती भाद्रपदात येतात, हवा दमट, अंगाला घाम. चामडं ओलं होऊन मऊ पडतं, भोकं ताणली जातात, मग महिनाभर पिशवीत राहून त्यावर बुरशी चढते. कार्यक्रमानंतर पट्टा गिटारपासून सोडवून सावलीत वाळवणं यात कष्ट काहीच नाहीत.

गंमत म्हणजे वाद्य अंगावर घेऊन नाचण्याची कला आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको. दिंडीतला पखवाजी गळ्यात पखवाज घेऊन पावली खेळतो, खाली बसतो, उसळी घेतो, आणि ठेका हलत नाही. ढोलपथकातली मुलं-मुली कमरेला ढोल आवळून तासन्‌तास वाजवतात. गोंधळ्याचा संबळ तसाच अंगाला बांधलेला. या सगळ्यांत वाद्य अंगाला बांधतात, अडकवत नाहीत. गाठ कसलेली असते आणि वाद्य शरीराच्या जवळ राहतं. गिटारचा पट्टा मात्र झटकन काढता यावा म्हणून बटणावर अडकवायचा केलेला. पखवाज कुणी डोक्यावरून भिरकावत नाही हेही खरं, पण ढोलपथकात मिरवणुकीआधी दोरी तपासतात तशी शिस्त आमच्या बँडवाल्यांत फारशी दिसत नाही.

बाकीच्या करामतींबद्दल थोडक्यात. डोक्यामागे गिटार नेऊन वाजवणं हे जिमी हेंड्रिक्समुळे जगाला माहीत झालं, पण त्याच्या कितीतरी आधी टी-बोन वॉकर ते करत होता. दिसायला अवघड, धोका त्या मानाने कमी. तरी गिटार डोक्यावरून नेताना पट्टा सैल पडतोच, म्हणून लॉक इथेही हवं. दातांनी तारा छेडण्याचा संबंध पट्ट्यापेक्षा अर्थिंगशी आहे. मे १९७२मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला लेस हार्वी हा गिटारवादक माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने मंचावरच गेला, हे मागच्या लेखांकात आलं आहे. मंडपातली तात्पुरती वायरिंग आणि पावसाने ओल्या झालेल्या फळ्या पाहता मी तरी तोंड तारांपासून लांबच ठेवीन. हात पंख्यासारखा गरागरा फिरवून तारांवर आपटण्याची लकब ‘द हू’च्या पीट टाउनशेंडची. १९८९ साली टकोमा शहरातल्या कार्यक्रमात गिटारच्या कंपदांडीने, म्हणजे स्वर थरथरवायच्या दांडीने, त्याचा हात आरपार भोसकला गेला. ही लकब उचलणाऱ्याने ती दांडी आधी काढून खिशात घालावी.

गिटार हवेत उडवणं हा वेगळाच मामला, तिथे पट्टा काहीच करू शकत नाही. सप्टेंबर १९९२मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात ‘निर्वाना’च्या क्रिस्ट नोवोसेलिचने आपली बास गिटार वर फेकली, झेल चुकला आणि ती थेट कपाळावर आली. सगळ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं. तीन मीटर उंचीवरून पडणारी वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे अठ्ठावीस किलोमीटर असतो, आणि बास गिटार चार किलोच्या वर भरते. वर दिव्यांचा झगमगाट असताना खाली येणारं वाद्य दिसतही नाही. ज्याला हे करायचंच आहे त्याला कोण अडवणार, पण सोसायटीच्या मंडपात तरी नको.

सराव कुठे करायचा हा उपनगरातला खरा प्रश्न. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये छताचा पंखा गिटारच्या वाटेतच येतो. गच्ची बरी, पण कठड्यापासून लांब, मध्यभागी, पायाखाली जुनी गादी टाकून. गिटार मीटरभर लांब असते. हात पूर्ण पसरल्यावर बोटं जिथे पोचतात, त्याच्या पुढे आणखी एक हात जागा चारी बाजूंनी मोकळी हवी. सुरुवात जुन्या, गेली तर हळहळ वाटणार नाही अशा इलेक्ट्रिक गिटारवर, केबल न जोडता, सावकाश. प्रत्येक वेळी आधी दोन्ही बटणं बोटांनी हलवून बघायची. जरा जरी डुलली तरी त्या दिवशी फेरी रद्द.

मंचावर दोन गोष्टी वाढतात. पहिली म्हणजे साथीदार. गाण्यात फेरी कुठे येणार हे तालमीतच ठरलेलं हवं, म्हणजे गायिका त्या मात्रेला दोन पावलं बाजूला झालेली असते. उत्स्फूर्तता आलापात दाखवावी. दुसरी म्हणजे केबल. ती जोडलेली असताना गिटार फिरवली तर प्रत्येक फेरीला अंगाभोवती एक वेढा पडतो आणि जॅक उपटला जातो. नुसत्या उड्या मारणाऱ्याने केबल पट्ट्याच्या मागच्या टोकातून ओवून मग जॅकमध्ये घालावी, म्हणजे पाय पडला तरी हिसका जॅकला बसत नाही. फिरवणाऱ्याला वायरलेसशिवाय गत्यंतर नाही. मात्र थेट जॅकमध्ये खोचायचे छोटे वायरलेस तुकडे मिळतात, ते फेरीत सुटून जातात. त्यांच्याऐवजी पट्ट्यावर घट्ट बसणारा, वरून चिकटपट्टी मारलेला ट्रान्समीटर घ्यावा. वायरलेसच्या बाकीच्या कटकटी, म्हणजे गर्दीत सिग्नल तुटणं आणि ऐन सोलोत बॅटरी संपणं, हा पुढच्या आठवड्याचा विषय.