‘४२५ टक्के डिव्हिडंड’ म्हणजे हातात किती? भारत फोर्जच्या उदाहरणावरून समजून घेऊ

एखाद्या कंपनीने लाभांश जाहीर केला की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, अमुक कंपनीने ४२५ टक्के डिव्हिडंड दिला. वाचणाऱ्याला वाटतं शंभर रुपये टाकले की सव्वाचारशे मिळतात. मग उसाचं बिल आलं की पोरं म्हणतात, बँकेत कशाला ठेवायचे, शेअर घेऊ. घ्यायला हरकत नाही, पण आधी हा टक्का कशावर काढतात ते समजून घ्या.

उदाहरण आपल्या पुण्याचंच घेऊ. मुंढव्याची भारत फोर्ज ही कंपनी १९६१ साली नीळकंठराव कल्याणी यांनी स्थापन केली. तापवलेलं पोलाद दाबून ट्रकचे क्रँकशाफ्ट, पुढच्या ॲक्सलचे बीम असले सुटे भाग ती बनवते. देशात विकते, परदेशातही पाठवते.

टक्का दर्शनी किमतीवर

आपल्या विकास सोसायटीचा शेअर आपण ज्या किमतीला घेतो, तीच त्याची दर्शनी किंमत. सोसायटीने १० टक्के लाभांश दिला तर हजाराला शंभर मिळतात, हिशेब सरळ आहे. सहकार कायद्याने तिथे १५ टक्क्यांची मर्यादाही घातली आहे.

बाजारातल्या कंपनीचं तसं नसतं. भारत फोर्जच्या एका शेअरची दर्शनी किंमत आहे फक्त २ रुपये. २०२४-२५ या वर्षासाठी कंपनीने आधी अडीच रुपये अंतरिम आणि नंतर ६ रुपये अंतिम, असा साडेआठ रुपये लाभांश दिला. दोन रुपयांवर साडेआठ म्हणजे ४२५ टक्के. पण बाजारात तो शेअर दोन रुपयांना कोण देणार? समजा तुम्ही १,२०० रुपयांना घेतला, तर १,२०० वर साडेआठ म्हणजे शेकडा ७१ पैसे. बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

अंतरिम म्हणजे कारखान्याची पहिली उचल समजा. अंतिम म्हणजे वर्षाचा हिशेब झाल्यावर मिळणारा फरक. तो वार्षिक सभेत मंजूर झाल्यावरच खात्यावर येतो.

दरवर्षी सारखा नसतो

लाभांश हे व्याज नाही. नफा आणि पुढची गरज बघून कंपनी तो ठरवते. भारत फोर्जने कोरोनाच्या २०२०-२१ या वर्षासाठी शेअरमागे २ रुपये दिले. पुढच्या वर्षी ७ रुपये, २०२३-२४ साठी ९ रुपये आणि त्यानंतर साडेआठ. ट्रकचा खप पडला की सुट्या भागांची मागणी पडते, आणि त्याचा परिणाम लाभांशावर होऊ शकतो. म्हणून या पैशावर सोसायटीचा हप्ता भरायचं गणित बांधू नका.

मग जुन्या लोकांना फायदा कसा झाला?

तो शेअरची संख्या वाढून झाला. भारत फोर्जने २००५ मध्ये १० रुपयांच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच केले. २०१७ मध्ये एकास एक बोनस दिला. म्हणजे २००५ च्या आधी ज्याच्याकडे १०० शेअर होते आणि ज्याने ते विकले नाहीत, त्याचे आधी ५०० आणि मग १,००० झाले. त्यावर साडेआठ रुपयांनी एका वर्षाचा लाभांश होतो ८,५०० रुपये. शेअरची किंमत वेगळीच.

म्हणून ही गोष्ट नीट वाचा. वडील किंवा चुलते पुण्याला नोकरीला होते आणि ट्रंकेत अशा कुठल्याही कंपनीचा शेअरचा कागद असेल, तर तो रद्दीत घालू नका.

सात वर्षांचा नियम

लाभांश कोणी घेतला नाही तर कंपनी तो वेगळ्या खात्यात ठेवते. सात वर्षं तसाच पडून राहिला की तो केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जातो. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअरसुद्धा तिकडेच जातात. पण हक्क बुडत नाही. मालक किंवा वारस ते परत मागू शकतात.

काय करायचं ते क्रमाने सांगतो:

१. कागदावरचा फोलिओ नंबर, नाव आणि शेअरची संख्या टिपून घ्या. आयईपीएफच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं.

२. कंपनीच्या वेबसाइटवर शेअर विभागाचा पत्ता असतो. तिथे पॅन, बँक खातं, मोबाईल आणि सहीचा नमुना देऊन केवायसी पूर्ण करा. १ एप्रिल २०२४ पासून केवायसी नसलेल्या कागदी शेअरचा लाभांश अडवून ठेवला जातो.

३. मूळ मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं लागतात.

४. डीमॅट खातं उघडा. कागदी शेअर आता विकता येत नाहीत आणि निधीतून परत मिळणारे शेअरही डीमॅटमध्येच येतात.

५. शेअर निधीत गेले असतील तर कंपनीकडे कागद पूर्ण करून आयईपीएफ-५ हा ऑनलाइन अर्ज भरा. या अर्जाला फी नाही. ‘निम्मे आम्हाला द्या, सोडवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात मूळ कागद देऊ नका.

आणखी एक. लाभांश हे शेतीचं उत्पन्न नाही, त्यावर कर लागतो. एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांवर लाभांश मिळाला तर १० टक्के कापूनच पैसे येतात. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के कापतात.

या आठवड्यात एकदा ट्रंक उघडून बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती हयात आहेत तोवरच विचारून घ्या. त्यांच्या सहीने जे काम महिन्यात होतं, त्याला वारसाच्या कागदांनी वर्षही लागू शकतं.