परकेपणाचा इतिहास (लेखांक ५) : गोरेपणाचा खटला

चिनी मजुरांना अमेरिकेचं दार १८८२च्या कायद्याने बंद झालं, तिथपर्यंत आपण मागच्या रविवारी आलो. दार लावून घेणं त्या मानाने सोपं होतं. अडचण होती ती आधीच आत आलेल्यांची, आणि पुढे भारत, जपान, सीरिया अशा मुलखांतून येत राहिलेल्यांची. त्यांना नागरिक म्हणायचं, की जन्मभर परकंच ठेवायचं? अमेरिकेतला पहिला नागरिकत्व कायदा १७९०चा. बाहेरून आलेला 'स्वतंत्र गोरा माणूस' नागरिक होऊ शकेल, असं त्यात लिहिलेलं. यादवी युद्धानंतर, १८७०मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. म्हणजे अर्जदार गोरा हवा, नाहीतर काळा. जो धड गोरा नाही आणि धड काळाही नाही, त्याचं काय, यावर कायदा गप्प होता. ते ठरवण्याचं काम गावोगावच्या न्यायाधीशांच्या गळ्यात पडलं.

त्यांनी ते कसं केलं हे वाचताना हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, कळत नाही. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात अब्दुल डोला नावाचे कलकत्त्याहून आलेले अफगाण व्यापारी होते. न्यायाधीशांनी त्यांना कोर्टातच बाही वर करायला सांगितली. उन्हाने न रापलेली दंडाची कातडी उजळ होती, खालून निळ्या शिरा दिसत होत्या. शिवाय डोला यांनी गोऱ्यांच्या दफनभूमीत स्वतःसाठी जागा घेऊन ठेवली होती, तोही पुरावा धरला गेला. नागरिकत्व मंजूर झालं. न्यूयॉर्कमध्ये मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचं प्रकरण अपिलात गेलं आणि १९१०मध्ये पारशी गोऱ्यांत जमा झाले. १९१३मध्ये स्पोकेन शहरात अक्षयकुमार मजुमदार यांनी आपण उच्चवर्णीय हिंदू, म्हणून आर्य, म्हणून गोरे, अशी मांडणी करून नागरिकत्व मिळवलं. वर्षभराने लॉस एंजेलिसमध्ये सखाराम गणेश पंडित यांना ते मिळालं. या नावाने मराठी वाचकाचे कान टवकारले असतील, तर ते लक्षात ठेवा. पंडित पुढे वकील झाले आणि या हकिगतीत ते दोनदा येतात, एकदा दुसऱ्याची बाजू मांडायला आणि एकदा स्वतःची.

कोर्टात बाह्या वर होत होत्या, त्याच काळात रस्त्यावर वेगळाच निवाडा चालू होता. ४ सप्टेंबर १९०७च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांचा जमाव लाकूडगिरण्यांतल्या पंजाबी मजुरांच्या खोल्यांवर चालून गेला. लोकांना बिछान्यातून ओढून काढलं, सामान बाहेर फेकलं, पैसे लुटले. दोनेकशे मजुरांना सिटी हॉलच्या तळघरात नेऊन कोंबलं; त्यांच्याच संरक्षणासाठी, असं नंतर सांगण्यात आलं. काही दिवसांत गावात एकही हिंदी मजूर उरला नाही. शिक्षा कुणालाच झाली नाही. हे लोक कमी मजुरीत राबतात आणि आमच्या पोटावर पाय आणतात, ही जमावाची तक्रार. तेवढ्याच मजुरीत त्यांना राबवणारे गिरणीमालक मात्र कुणाच्या रागाचे धनी झाले नाहीत.

याच लाकूडगिरण्यांच्या पट्ट्यात भगतसिंग थिंद १९१३मध्ये येऊन दाखल झाले. अमृतसर जिल्ह्यातले, शिकलेले, एकविशीचे. शेजारच्या ओरेगनमध्ये गिरणीत काम करत त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीची पेरणी तेव्हा याच भागात चालली होती (ओरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकलेले आपले पांडुरंग खानखोजे तिच्या उभारणीत होते) आणि थिंद यांची तिथल्या लोकांत ऊठबस होती. ही ऊठबस पुढे सरकारी वकिलांना चांगलीच उपयोगी पडली. १९१८मध्ये थिंद अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. गणवेश आणि पगडी अशा वेशातला त्यांचा त्या वेळचा फोटो आजही पाहायला मिळतो. डिसेंबर १९१८मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं गेलं, कारण ते गोरे नव्हते. १९२०मध्ये ओरेगनच्या कोर्टाने ते पुन्हा दिलं. सरकार अपिलात गेलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. कोर्टापुढचा प्रश्न साधारण असा होता : अमृतसरला जन्मलेला, अस्सल हिंदी रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू हा गोरा माणूस आहे काय? थिंद शीख होते, हे त्या प्रश्नात कुठेच नाही. अमेरिकेच्या लेखी तेव्हा हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण हिंदूच.

थिंद यांच्या आधी तीनच महिने, नोव्हेंबर १९२२मध्ये, याच कोर्टाने ताकाओ ओझावा यांचा दावा फेटाळला होता. ओझावा जपानी. बर्कलीच्या शाळेत शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. माझी कातडी पुष्कळ गोऱ्यांपेक्षा गोरी आहे, असं त्यांचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, कातडीच्या रंगाचा इथे संबंध नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी त्या वंशाचे नव्हेत. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मून अमेरिकेत आलेले होते. त्यांची बाही कुणी कधी वर करायला लावली नसणार.

हा निकाल थिंद यांच्या वकिलांना वरदान वाटला. मानववंशशास्त्राची तेव्हाची पुस्तकं उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतच होती. रंग नको, वंश बघू, असं खुद्द कोर्टच म्हणत असेल, तर खटला जिंकल्यात जमा. या वकिलांत सखाराम पंडितही होते. वंशशुद्धीचा पुरावा म्हणून त्यांनी पुढे केली ती जात. आमच्याकडे बेटीबंदी इतकी कडक, की उच्चवर्णीयांच्या रक्तात हजारो वर्षांत भेसळ झालेली नाही, असा त्यांचा युक्तिवाद. एवढ्यावर न थांबता त्यांनी असंही सांगितलं की अमेरिकी गोरा निग्रोकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या मूळ रहिवाशांकडे पाहतो. मथितार्थ असा की आम्हीही तुमच्यासारखेच. आमच्याही पायाखाली कुणीतरी आहे, तेव्हा आम्हाला तुमच्या पंगतीला घ्या.

या युक्तिवादापाशी मी दर वेळी अडखळतो. पक्षकाराला वाचवण्यासाठी हाताला लागेल ते हत्यार उचलावं, हा वकिलाचा धर्म मान्य. पण ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला होता. बेटीबंदी हेच जातीचं मर्म आहे आणि त्या बंदीपायी बायकांवर सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह लादले गेले, हे त्यांनी तिथे उलगडून दाखवलं. त्याच देशात, सहा-सात वर्षांच्या अंतराने, तीच बेटीबंदी एकाने रोग म्हणून मांडली आणि दुसऱ्यांनी गोरेपणाचा दाखला म्हणून. ही दोन्ही कागदपत्रं शाळा-कॉलेजांत शेजारी-शेजारी ठेवून वाचायला हवीत, असं मला फार वाटतं.

हत्यार चाललंच नाही. १९ फेब्रुवारी १९२३ला निकाल लागला. एकमताने. लिहिणारे पुन्हा सदरलँडच. तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच शास्त्राचा आधार घेतला होता; आता त्यांनी शास्त्र बाजूला सारलं. हजारो वर्षांपूर्वी पूर्वज एक असतीलही, पण गोरा कोण हे सामान्य माणसाच्या समजुतीने ठरेल, आणि सामान्य अमेरिकी माणसाला हिंदू गोरा वाटत नाही. झालं! ओझावांना रंग असून वंश नाही म्हणून बाहेर ठेवलं आणि थिंदना वंश असून समजूत नाही म्हणून. मोजपट्टी मोजणाऱ्याच्या हातात असली की ती हवी तिथे आखूड होते. एवढं झाल्यावर, यात कुणाला कमी लेखण्याचा हेतू नाही, असंही निकालपत्रात नमूद आहे.

या निकालाचा खरा मार बसला तो पोटाला. कॅलिफोर्नियात १९१३पासून कायदा होता की ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला शेतजमीन घेता येणार नाही. आजवर तो मुख्यतः जपान्यांवर चालत असे. आता राज्याचे ॲटर्नी जनरल युलिसिस वेब यांनी मोर्चा हिंदी शेतकऱ्यांकडे वळवला. मग जमिनी विश्वासातल्या गोऱ्या माणसाच्या, बँकवाल्याच्या, नाहीतर इथे जन्मलेल्या तान्ह्या पोरांच्या नावावर ठेवायच्या आणि विश्वास खोटा ठरू नये म्हणून देवाला हात जोडायचे. गोऱ्या बाईशी लग्न कायद्यात बसत नव्हतं आणि गावाकडून बायको आणायची सोय नव्हती. इम्पीरियल व्हॅलीतल्या पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. लग्नाचा परवाना देणाऱ्या कारकुनाला दोघेही सारख्याच रंगाचे दिसत, म्हणून परवाना मिळे. पुढच्या पिढीत मारिया सिंग, होजे सिंग अशी नावं आली.

मिळालेली नागरिकत्वंही सरकारने परत घ्यायला सुरुवात केली. पन्नासेक लोकांना नोटिसा गेल्या. त्यातले एक वैष्णोदास बगाई. पेशावरचे खाऊन-पिऊन सुखी, १९१५मध्ये बायको कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले. ब्रिटिशांच्या राज्यात मुलं वाढवायची नाहीत, हा त्यांचा निश्चय. बर्कलीत घर घेतलं. सामानाची गाडी दारात येऊन पाहते तो शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. बगाई तिथून परत फिरले, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान काढलं, १९२१मध्ये नागरिक झाले. निकालानंतर नागरिकत्व गेलं, मालमत्ता ठेवण्याचा हक्कही गेला. १९२८मध्ये त्यांना भारतात जाऊन यायचं होतं. अमेरिकेने पासपोर्ट नाकारला. ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. ज्या राज्याची प्रजा राहायचं नाही म्हणून माणूस समुद्र ओलांडून आला, त्याच राज्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. त्या वर्षी बगाई यांनी सॅन होजेत एक खोली भाड्याने घेतली आणि गॅस उघडून जीव दिला. वर्तमानपत्रासाठी त्यांनी पत्र लिहून ठेवलं होतं. मुलांना आणि जगाला कारण कळावं म्हणून. कलाबाईंनी पुढे मुलांना शिकवलं, स्वतः नागरिक झाल्या. ज्या बर्कलीने त्यांना घरात शिरू दिलं नाही, तिथल्या एका रस्त्याला २०२१मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

पंडितांनाही नोटीस आली. या वेळी त्यांनी ना आर्य काढले ना जात. सरकारने १९१४मध्ये रीतसर नागरिकत्व दिलं, तेव्हा हरकत घेतली नाही. त्यावर विसंबून मी वकिली उभी केली, घर केलं, अमेरिकी बाईशी लग्न केलं. आता ते काढून घ्याल तर हे सगळं जाईल आणि १९२२च्या कायद्यामुळे माझ्या बायकोचं नागरिकत्वही धोक्यात येईल. साधा, रोखठोक दावा. अपील कोर्टाने तो १९२६मध्ये मान्य केला, सुप्रीम कोर्टाने पुढच्या वर्षी हात घालायला नकार दिला आणि सरकारने उरलेले दावे गुंडाळले. मजुमदार आणि बगाई यांना याचा काही उपयोग नव्हता. त्यांचं नागरिकत्व आधीच गेलं होतं.

थिंद यांना १९३६मध्ये तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळालं, ते महायुद्धातल्या सैनिकांसाठी केलेल्या खास कायद्याने. बाकी हिंदी लोकांना १९४६पर्यंत थांबावं लागलं. तेव्हाही कोटा किती, तर वर्षाला १००. या सवलतीचा फायदा घेऊन १९४९मध्ये नागरिक झालेले इम्पीरियल व्हॅलीतले शेतकरी दलिपसिंग सौंद १९५६मध्ये थेट अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, ही या सगळ्यातली त्यातल्या त्यात बरी बातमी.

कायद्यातली वंशाची अट १९५२मध्ये गेली. पण सदरलँड यांनी ज्याला निवाड्याचा अधिकार दिला, त्या सामान्य माणसाची नजर काही कायद्यासोबत गेली नाही. १९८७मध्ये जर्सी सिटीत टिकलीवरून नाव घेतलेल्या टोळीने हिंदूंना हुसकावण्याची धमकी दिली. त्याच दिवसांत शेजारच्या होबोकनमध्ये टोळक्याच्या मारहाणीत जीव गेला तो एका पारशी तरुणाचा. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये त्याच्या जमातीला कोर्टाने गोरं ठरवून तेव्हा ७७ वर्षं झाली होती. ११ सप्टेंबर २००१नंतर चारच दिवसांत ॲरिझोनात पगडी पाहून गोळी घातली ती शीख माणसाला. २०१७मध्ये कॅन्ससच्या ओलेथमध्ये मारेकऱ्याने हैदराबादच्या इंजिनियरला मारलं, ते इराणी समजून. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३च्या पाहणीत दर दहांतल्या जवळपास आठ आशियाई प्रौढांनी सांगितलं, की आपल्याला कधी ना कधी परक्यासारखं वागवलं गेलं आहे. अमेरिकेत जन्मलेलेही त्यात आले.

आणि जात? २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, थिंद निकालाला शंभर वर्षं आणि दोन दिवस झाले असताना, सिएटलच्या नगर परिषदेने जातिभेदावर बंदी घातली. अमेरिकेतलं असं ते पहिलंच शहर, बेलिंगहॅमच्याच राज्यातलं. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. अशा कायद्याने साऱ्या हिंदी लोकांकडेच संशयाने पाहिलं जाईल, हा त्यांचा मुद्दा. आजवरचा इतिहास पाहता ही भीती अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. पण कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांत काम करणारे दलित अभियंते ज्याची तक्रार करत होते, त्यावर या आक्षेपात एक अक्षर नव्हतं. तिथल्या विधिमंडळाने असाच कायदा मंजूर केला, तेव्हा ऑक्टोबर २०२३मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही करायला नकार दिला. सध्याच्या कायद्यात याची तरतूद आहेच, असं कारण त्यांनी दिलं.