दाते मोजून आणला, तरी गिअर का बसत नाही? खरेदीआधी हे माप काढा

पेरणी तोंडावर येते आणि नेमका तेव्हाच रोटाव्हेटरच्या साइड गिअरचा दाता तुटतो. शेतकरी तुटका गिअर पिशवीत घालून तालुक्याला जातो. दुकानात तेवढ्याच दात्यांचा, तसाच दिसणारा गिअर मिळतो. बसवल्यावर तो फिरतोही. पण थोड्याच दिवसांत आवाज सुरू होतो आणि त्याला लागून असलेला चांगला गिअरही खराब होतो. मग चूक कुठे झाली?

आधी दात्याचा आकार समजून घेऊ. दात्याची बाजू सरळ नसते, हलकी फुगीर असते. गोल डब्याला सुतळी गुंडाळा, टोकाला पेन्सिल बांधा आणि सुतळी ताणून धरत सोडवत जा. कागदावर जी रेघ उमटेल, तोच दात्याच्या बाजूचा आकार. त्याला इन्व्होल्यूट म्हणतात. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलर यांनी तो गिअरसाठी सुचवला.

या आकाराचा फायदा काय? दोन पुलींवर पीळ देऊन क्रॉस पट्टा टाकला की दुसरी पुली उलटी, पण एकसारखी फिरते. इन्व्होल्यूट दाते एकमेकांना अगदी तसंच ढकलतात, जणू मध्ये न दिसणारा पट्टा आहे. त्यामुळे झटके बसत नाहीत. दोन शाफ्टमधलं अंतर किंचित कमी-जास्त झालं, तरी फेऱ्यांचं प्रमाण बदलत नाही.

मात्र दोन गोष्टी जुळायलाच हव्यात.

पहिली, मोड्यूल, म्हणजे दात्याचं माप. सरळ दात्यांच्या साध्या गिअरचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. दात्यांच्या संख्येत २ मिळवा आणि त्या आकड्याने व्यासाला भागा. २० दाते आणि ११० मिमी व्यास असेल, तर ११० भागिले २२, म्हणजे मोड्यूल ५. ४० दाते आणि २१० मिमी व्यास असला, तरी मोड्यूल ५ च येतो. म्हणून हे लहान-मोठे गिअर जुळतात. लहान्याच्या दोन फेऱ्यांत मोठ्याची एक फेरी होते.

दुसरी, दाब कोन, म्हणजे दाता कोणत्या कोनातून ढकलतो ते. आता बहुतेक गिअर २० अंशांचे असतात, जुन्या यंत्रांत साडेचौदा अंशांचेही सापडतात. मोड्यूल एक असला तरी हे दोन एकत्र चालत नाहीत.

खरी फसगत इंची गिअरमध्ये होते. २० दात्यांचा ५ डीपीचा इंची गिअर १११.८ मिमी भरतो. वरच्या गिअरपेक्षा फरक दोन मिमीपेक्षाही कमी, डोळ्यांना कळतच नाही. पण प्रत्येक दात्यामागे पाव मिमीचा फरक पडतो आणि दाते एकमेकांना घासू लागतात.

म्हणून दुकानात व्हर्नियरने मोजूनच गिअर घ्या. काही कंपन्या दाते मुद्दाम थोडे वेगळे कापतात, तिथे हा हिशोब लागू पडत नाही. त्यामुळे पार्ट नंबरही जुळवा. तिरप्या दात्यांना आणि क्राऊन-पिनियनलाही हा हिशोब चालत नाही. क्राऊन-पिनियन तर जोडीनेच बदलावेत. सोबतचा गिअर झिजला असेल, तर तोही बदला. झिजलेल्या दात्याची गोलाई बिघडलेली असते, ती नव्यालाही खाते.