कोणते कासव, कोणता घास

समुद्रात पोहणारे, तळ्यात राहणारे आणि पाण्यात न शिरता माळावर चरणारे अशा सर्व कवचधारी प्राण्यांना मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द पुरतो. बोलण्यासाठी ही सोय चांगली आहे. मात्र पाळलेल्या कासवाला काय खाऊ घालावे असा प्रश्न उभा राहिला की तीच सोय अडचण होऊन बसते. अमेरिकेत बऱ्याच घरांतून पाळले जाणारे पेटी-कासव, म्हणजे बॉक्स टर्टल, आणि आफ्रिका, भूमध्य सागराचा परिसर किंवा भारत येथील भूकासवे ही दोन्ही जमिनीवर हिंडतात आणि दिसायलाही मिळतीजुळती असतात, तरी त्यांची कुळे निराळी आहेत. पेटी-कासव हे मुळात तळ्यातल्या कासवांच्या कुळातले असून, त्याच्या पोटाकडील कवचाला बिजागरीसारखा सांधा असल्यामुळे ते डोके आणि पाय आत ओढून पेटीसारखे घट्ट मिटू शकते, यावरून त्याला हे नाव पडले.

अमेरिकेच्या पूर्वेकडील पानगळीच्या जंगलांत हे कासव गोगलगायी, गांडुळे, किडे, गळून पडलेली फळे आणि अळंबी असे जे समोर येईल ते खाते, म्हणजेच ते मिश्राहारी आहे. ओल्या पाचोळ्यातले गांडूळ दिसले की ते मान लांब करते, डोके किंचित कलते करून एका डोळ्याने भक्ष्याकडे टक लावून पाहते आणि मग कासवगतीची ख्याती क्षणभर बाजूला ठेवून झडप घालते. तोंडात दात नसल्याने चोचीसारख्या कडक जबड्याने पकडायचे आणि पुढच्या पायाने दाबून ओढून तोडायचे, ही त्याची रीत. पिल्लांचा ओढा प्राणिज अन्नाकडे अधिक असतो आणि वय वाढते तसा वनस्पतींचा वाटा वाढत जातो. म्हणून प्रौढ पेटी-कासवाच्या ताटात ढोबळमानाने निम्मे किडे-गांडुळे आणि निम्मे पाले, भाज्या व थोडी फळे असावीत, असे साधारणपणे मानले जाते.

भूकासवांचे पोट वेगळ्या धाटणीचे आहे. गाई-म्हशींच्या पोटात चारा सुरुवातीच्याच कप्प्यात आंबतो, तर बहुतेक भूकासवांच्या पोटात, घोड्याप्रमाणे, हे काम मोठ्या आतड्यातले जीवाणू करतात. त्यांना लागतो तो भरपूर चोथा, म्हणजे गवत, रानपाला आणि वाळलेला चारा. या जीवाणूंच्या वस्तीत गोड फळांची साखर वारंवार पडली तर ती वस्ती बिघडते आणि हगवण लागते. दक्षिण अमेरिकेतल्या लालपायी कासवासारखे काही अपवाद फळांवर बऱ्यापैकी जगतात, परंतु आफ्रिकेतल्या सल्काटा कासवाला, ज्याचे वजन ४५ किलोंच्याही वर जाऊ शकते, रोज केळे आणि कलिंगड चारणे हा लाड नव्हे. जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग आणि औषध न फवारलेली हरळी हे त्याचे खरे अन्न. कुत्र्या-मांजरांचे खाद्य तर भूकासवांपासून दूरच ठेवलेले बरे, कारण जास्तीच्या प्रथिनांतून तयार होणारे युरिक आम्ल मूत्रपिंडांत आणि सांध्यांत साठून राहते.

दोन्ही प्रकारच्या कासवांना समान असलेली गरज कॅल्शियमची, आणि पाळणाऱ्यांचा हिशेब सर्वाधिक चुकतो तो इथेच. कवच ही काही पाठीवर घेतलेली ढाल नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा त्यातच मुरलेले असतात, म्हणजे ते जिवंत हाडच असते. अन्नात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे असा संकेत आहे. ते घटले की रक्तातली पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढू लागते. मग कवच बोटाने दाबले तर लवते, जबडा वाकडा होतो आणि पाय अंगाचे वजन पेलत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या रातकिड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे खाऊ घालण्यापूर्वी त्यांच्यावर कॅल्शियम कार्बोनेटची पूड भुरभुरावी लागते. पालकाची गंमत उलटी आहे: त्यात कॅल्शियम आहे, पण सोबतचे ऑक्झॅलेट ते बांधून ठेवत असल्याने कासवाच्या पदरात फारसे पडत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येणारा समुद्रफेस, म्हणजे माकूळ वर्गातील प्राण्याचे आतले पांढरे कवच, पिंजऱ्यात ठेवला तर कासव तो कुरतडते. त्यातून कॅल्शियम मिळते आणि चोचही झिजून मापात राहते.

हे कॅल्शियम आतड्यातून शोषले जाण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत बनण्यासाठी सूर्यप्रकाशातले अतिनील-ब किरण लागतात. खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे काचेआडच्या उन्हात दिवसभर शेकणारे कासव उबदार राहते, पण ड-३ च्या बाबतीत उपाशीच.

नुसत्या खिम्यावर किंवा फिकट सॅलडपानांवर वाढवलेल्या पेटी-कासवांत अ जीवनसत्त्वाची उणीव दिसते. पापण्या सुजून डोळे मिटतात आणि कानाच्या पडद्यामागे वाटाण्याएवढा फुगवटा येतो, ज्यात पनीरासारखा घट्ट पू असल्याने तो पशुवैद्याला कापूनच काढावा लागतो. लाल भोपळा, गाजर आणि गडद हिरवा पाला यांनी हे टळते. मात्र अ जीवनसत्त्वाची सुई जास्त प्रमाणात टोचली गेली तर कातडी सोलून निघते, म्हणून हा घरगुती उपचार नव्हे. कवचावर उठणाऱ्या पिरॅमिडसारख्या उंचवट्यांचे खापर बरीच वर्षे केवळ प्रथिनांवर फुटत होते. सल्काटाच्या पिल्लांवरील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र प्रथिनांपेक्षा हवेतला कोरडेपणाच मोठा कारणीभूत आढळला. एकदा उठलेला उंचवटा सपाट होत नाही.

भारतात हा सारा विचार कायद्याच्या चौकटीत येतो. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले आणि व्यापारात स्टार कासव म्हणून ओळखले जाणारे देशी भूकासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी ठेवता येत नाही, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीतही त्याचा समावेश आहे. भाग्य उजळावे म्हणून चोरून आणलेल्या अशा जिवाला कोबी आणि पाव घालणाऱ्यांनी देवळातल्या दगडी कासवावरच समाधान मानलेले उत्तम. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही रानातले पेटी-कासव उचलून घरी आणण्यास मनाई आहे.

थंड प्रदेशात पेटी-कासव हिवाळाभर मातीखाली निपचित पडून राहते, आणि पाळलेल्या निरोगी कासवाला ही झोप देणारे लोक त्यापूर्वी काही आठवडे त्याचे खाणे बंद करतात. बाहेरच्या उबेवाचून त्याचे पचन चालत नाही, त्यामुळे पोटात उरलेला घास तिथेच कुजतो. वसंतात ते जागे झाले की आधी कोमट पाण्याची उथळ परात समोर ठेवायची असते. ते त्यात बसते, मान बुडवून बराच वेळ पाणी पिते, तिथेच मलमूत्रही करते, आणि पाणी बदलून झाल्यावर मग पहिले गांडूळ.