मिररिंग केलंय, म्हणजे सर्व्हर सुरक्षित?

स्पार्क सर्व्हरवर सोलारिस बसवताना सिस्टिमसाठी दोन डिस्क घ्यायच्या आणि सोलारिस व्हॉल्यूम मॅनेजरने त्यांचं मिररिंग करायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. पूर्वी डिस्कसूट म्हणून वेगळं मिळणारं हे साधन २००२ साली आलेल्या सोलारिस ९मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग झालं. सोलारिस ११मध्ये रूटसाठी फक्त झेडएफएसच उरलं, पण सोलारिस १०ची यंत्रं अजून सापडतात आणि त्यांच्याबरोबर जुने गैरसमजही.

पहिला गैरसमज लवकर निकालात काढू. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. एवढं पुरे.

गैरसमज: एक डिस्क गेली तरी सर्व्हर चालतो, म्हणजे रीबूटही होईल.

वस्तुस्थिती: चालत राहणं आणि नव्याने सुरू होणं यांचे नियम वेगळे आहेत. कुठला मिरर कशाचा बनलाय, त्यातलं काय बिघडलंय, याची नोंद व्हॉल्यूम मॅनेजर आपल्या स्टेट डेटाबेसमध्ये ठेवतो आणि त्याच्या प्रती, म्हणजे रेप्लिका, वेगवेगळ्या डिस्कवर असतात. निम्म्या प्रती जिवंत असेपर्यंत सिस्टिम चालते. निम्म्याहून कमी उरल्या की पॅनिक होऊन थांबते. पण बूट होऊन नेहमीच्या मल्टियूजर अवस्थेत जायला निम्म्यापेक्षा किमान एक प्रत जास्त लागते. सोसायटीच्या सभेला गणपूर्ती लागते, तसंच हे. आता दोन डिस्कच्या मशीनवर प्रत्येकी दोन प्रती ठेवा, कारण शिफारस तीच आहे. एक डिस्क मेली की उरतात बरोबर निम्म्या. सर्व्हर महिनाभर निमूट चालतो, मग कुणीतरी पॅच लावून रीबूट करतं आणि यंत्र सिंगल यूजरमध्ये अडकून बसतं. दोष पॅचला दिला जातो!

यातून सुटका सोपी आहे. सिंगल यूजरमध्ये ‘मेटाडीबी’ चालवून मेलेल्या डिस्कवरच्या प्रतींच्या नोंदी काढून टाकायच्या. उरलेल्या प्रती मग बहुमतात येतात. सिस्टिम फाइलमध्ये मिरर्ड रूट फ्लॅग एकवर ठेवला, तर निम्म्या प्रतींवरही बूट होतं. मात्र उरलेल्या प्रती ताज्या आहेत की शिळ्या, हे ठरवणारं मग कुणी उरत नाही. शक्य असेल तर तिसऱ्या डिस्कवर प्रती ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

याच प्रश्नाला आणखी एक बाजू आहे: मिररिंगमध्ये बूट ब्लॉकची नक्कल होतेच असं गृहीत धरू नका. दुसऱ्या डिस्कवर तो ‘इन्स्टॉलबूट’ने वेगळा लिहावा लागतो आणि ओपनबूटच्या बूट-डिव्हाइस यादीत त्या डिस्कचं नाव घालावं लागतं.

गैरसमज: सीडीवरून बूट करून एका डिस्कवरची फाइल दुरुस्त केली, तर मिरर दुसरी आपोआप जुळवून घेतो.

वस्तुस्थिती: हा सगळ्यांत घातक समज. रूटचा पासवर्ड विसरला की लोक सीडीवरून बूट करतात, मिररमधली एकच बाजू माउंट करतात, फाइल बदलतात आणि रीबूट करतात. व्हॉल्यूम मॅनेजरला या बदलाचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी दोन्ही बाजू सारख्याच, आणि वाचन तो डीफॉल्टने आळीपाळीने दोन्हींकडून करतो. परिणामी कधी नवी माहिती मिळते, कधी जुनी. ‘मेटास्टॅट’ मात्र दोन्ही बाजू ठीक असल्याचं सांगत राहतो. योग्य वाट अशी: ती बाजू फक्त वाचनासाठी माउंट करून तिच्यावरची एमडी ड्रायव्हरची कॉन्फिग फाइल सीडीच्या मिनीरूटमध्ये आणायची, ती बाजू अनमाउंट करायची, ड्रायव्हरला नवी फाइल वाचायला लावायची, ‘मेटासिंक’ करायचं आणि मगच मिरर माउंट करून बदल करायचा.

अशीच विसंगती मिरर बनवतानाही होते. दोन्ही सबमिरर, म्हणजे मिररच्या दोन्ही बाजू, एकाच आज्ञेत जोडले तर सिंक होतच नाही. डेटा असलेल्या डिस्कचा आधी एकबाजूचा मिरर करायचा आणि दुसरी बाजू ‘मेटाअटॅच’ने जोडायची.

गैरसमज: ‘मेटास्टॅट’मध्ये दोन बिघाड दिसले तर कुठलाही आधी बदला.

वस्तुस्थिती: क्रम चुकला तर डेटा जाऊ शकतो. ‘मेंटेनन्स’ म्हणजे तो भाग आधी बिघडला आणि वापरातून काढला गेला. ‘लास्ट एर्ड’ म्हणजे तोही बिघडलाय, पण त्या भागाची दुसरी चांगली प्रत नसल्याने तोच वापरात आहे. ‘मेंटेनन्स’ आधी बदला, ‘लास्ट एर्ड’ नंतर. डेटा तपासायचा आहेच, शंका असेल तर बॅकअपवरून परत आणायचा.

नवी डिस्क घालताना जुन्या डिस्कचं विभाजन तिच्यावर उतरवा, रेप्लिका पुन्हा घाला, ‘मेटाडेव्हअॅडम’ने डिस्कची नवी ओळख नोंदवा आणि मगच ‘मेटारिप्लेस’ करा. सिंक पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडे एकच खरी प्रत आहे, तेव्हा त्या काळात रीबूट टाळा. आणि पुढच्या नियोजित देखभालीत दोन्ही डिस्क जागेवर ठेवून यंत्र एकदा दुसऱ्या डिस्कवरून सुरू करून पाहा.