इंग्लंडांतील दुकानदारांचीं खाजगी नाणीं (१६४९–१६७२)

राजमुद्रा नसलेलें नाणें संग्राहक सहसा हलकें लेखतो. इंग्लंडांतील सतराव्या शतकाचीं दुकानदारी नाणीं मात्र आमच्या मतें कागदपत्रांच्याच तोडीचीं साधनें होत.

त्यांची उत्पत्ति अशी. पेनीचा चतुर्थांश म्हणजे फार्दिंग. तांब्याचे फार्दिंग पाडण्याची सनद पहिल्या जेम्स राजानें १६१३ त लॉर्ड हॅरिंग्टन यास दिली. पुढें चार्ल्सच्या कारकीर्दींतही असे मक्ते चालले. परंतु तीं नाणीं अतिशय हलकीं असल्यामुळें लोकांचा त्यांवर विश्वास बसेना. १६४९ च्या जानेवारींत चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि सरकारी खुर्दा कोणी पुरवीना. चांदीच्या नाण्यांत एवढी बारीक मोड मिळणें अशक्य. तेव्हां वाणी, खानावळवाले, मेणबत्त्या करणारे यांनीं स्वतःच तांब्या-पितळेचे फार्दिंग, अर्धपेन्या व क्वचित् पेन्याही काढल्या. १६७२ च्या ऑगस्टांत दुसऱ्या चार्ल्सनें तांब्याचीं राजकीय नाणीं सुरू करून यांस मनाई केली.

नाण्यावर धन्याचें नांव, गांव, धंद्याची खूण आणि बहुधा तीन अक्षरें असतात. वरचें अक्षर आडनांवाचें, खालचीं दोन पतिपत्नींच्या नांवांचीं. एका गांवांत जॉन नांवाचे अनेक दुकानदार निघतील. पण पत्नीचें आद्याक्षर हातीं आलें म्हणजे चर्चच्या विवाहनोंदवहींत नेमका कोणता जॉन हें शोधतां येतें. कांहीं नाणीं विधवांनीं स्वतःच्या नांवें काढलेलीं आहेत. निरक्षर गिऱ्हाइकास खूण पुरे होई. आमच्या कागदांतील ‘निशाणी नांगर’ वाचकांस येथें आठवेल. लंडनच्या ज्या गल्ल्या १६६६ च्या आगींत जळाल्या, तेथील दुकानांच्या पाट्या अशा नाण्यांवर अद्यापि पाहावयास मिळतात.

बॉइन यांनीं १८५८ त यांची यादी छापली. विल्यमसन यांनीं १८८९–९१ त ती वाढविली. तरी प्रत्येक नवें नाणें तपासून घ्यावें. इव्हलिन यानें १६९७ त लिहून ठेविलें आहे कीं हीं नाणीं एक-दोन गल्ल्यांपलीकडे क्वचितच चालत. म्हणून नाणें सांपडलें तें स्थळ पाकिटावर न लिहिणें म्हणजे अर्धा पुरावा फेंकून देणें होय. सटन नांवाचीं गांवें इंग्लंडांत अनेक आहेत. नाण्यावर परगण्याचें नांव नसेल तर तें कोणत्या सटनचें, याचा उलगडा पुष्कळदां त्या स्थळावरूनच होतो.